गुराबाचं मॉडेल कसं करायचं?

यवत म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. एका बाजूला भुलेश्वराचा डोंगर, दुसरीकडे उसाची शेती, आणि समुद्र म्हणाल तर दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब. अशा ठिकाणी बसून लाकडी जहाजांची मॉडेल्स करायची म्हटलं की लोकांना गंमत वाटते. वाटू दे. पण या छंदाचा एक फायदा आहे. पुस्तकात ‘गुराब’ हा शब्द आला की वाचणारा पुढे सरकतो. हातात करवत असली की पुढे सरकता येत नाही. लांबी किती, रुंदी किती, डोलकाठ्या किती, तोफा कुठे, तळ कसा, या सगळ्याची उत्तरं लाकूड कापायच्या आधी द्यावी लागतात.

तर आजचा प्रश्न असा, की मराठा आरमारातल्या गुराबाचं खरंखुरं मॉडेल करता येईल का?

आधी एक सोपं उदाहरण घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ हे इंग्रजांच्या आरमाराचं जहाज आपल्या मुंबईतच बांधलं गेलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, म्हणजे १७३६ साली सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यातले. लाकूड मलबारचं सागवान. या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून यायचे होते, पण ते आणणारं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने बुडवलं. मग नकाशांची दुसरी प्रत पाठवली गेली. १८१६ साली कणा बसवला, १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. १९९० पासून २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार चालला होता. सागवानाचा चिवटपणा असा, की मूळचं बरंचसं लाकूड अजून जागेवर आहे.

याचं मॉडेल करणाऱ्याला अडचण ती कसली? नकाशा आहे, जहाजही आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट. पाव इंचाला एक फूट हे जुन्या इंग्लिश गोद्यांमधल्या मॉडेलांचं प्रमाण धरलं, तर टेबलावर तीन फुटांहून थोडं जास्त. बाकी काम हाताच्या कौशल्याचं आणि चिकाटीचं.

आता गुराबाकडे येऊ.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारातले जहाजांचे प्रकार दिले आहेत. गुराबा, तरांडी, गलबतं, शिबाडं अशी नावं येतात, मापं येत नाहीत. महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली तेव्हा रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज आणि त्याची माणसं कामावर होती. ती काम अर्धवट टाकून निघून गेली. पुढचं काम इथल्या सुतारांनी केलं. त्यांचं ज्ञान हातात आणि डोळ्यांत होतं, कागदावर नव्हतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असा त्याचा आशय. लाकडाबद्दलचा भाग तर प्रसिद्धच आहे. सागवान वगैरे लागेल ते परवानगीने रानातून तोडावं, आंबा-फणस आरमाराच्या उपयोगाचे असले तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. राज्यकर्ता म्हणून अमात्य किती मोठे होते हे यातून कळतं. पण मॉडेल करणाऱ्याने ‘मध्यम’ म्हणजे किती फूट धरायचं?

फुटांत नाही, पण टनांत उत्तर मिळतं, आणि तेही शत्रुपक्षाकडून! ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन केलं आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार न बुडणारी, मधून टोकाकडे निमुळती होत जाणारी. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ, आणि तिच्यावरून मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, ४०-५० वल्ह्यांचं. हे वर्णन वाचलं की निदान वरचा आकार डोळ्यांसमोर येतो. पाण्याखालचा तळ मात्र ऑर्मही सांगत नाही.

मग प्रत्यक्ष जहाजं कुठे गेली? फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे विसरून चालणार नाही. आंग्र्यांनी कंपनीकडून जिंकून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर गोळा पडला, आग लागली, ती पसरत गेली आणि जवळजवळ सगळं आरमार जळालं. बांधणीवर असलेली जहाजंही गेली. ‘रिस्टोरेशन’ म्हणजे पूर्वस्थितीला आणणं... नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच! आज वाघोटनच्या खाडीकाठी गिर्येला खडकात केलेली मराठ्यांची गोदी पाहायला मिळते. गोदी उरली, आतलं जहाज उरलं नाही.

म्हणजे नाद सोडून द्यायचा का? इथे अलीकडचं एक काम मला फार शिकवून गेलं. ‘कौंडिण्य’ हे भारतीय नौदलाचं शिलाईचं जहाज. आधाराला काय, तर अजिंठ्याच्या लेण्यांतलं पाचव्या शतकातलं चित्र. नकाशा नाही, अवशेष नाही. गोव्यात ‘होडी इनोव्हेशन्स’मध्ये बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. आणि चित्रातून काढलेला आकार समुद्रात टिकेल का, हे पाहायला आयआयटी मद्रासमध्ये काय वापरलं? मॉडेल! फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं. अजिंठ्याचं जहाज हुबेहूब असंच होतं, हे यातून सिद्ध होत नाही. असं जहाज बांधता येतं आणि ते चालतं, एवढं सिद्ध होतं. तेवढंही थोडं नाही.

गुराबाच्या बाबतीतही आपण हेच करू शकतो. बाजारात ‘शिवकालीन जहाज’ म्हणून उंच युरोपियन गलबतावर भगवा लावलेली शोपीस दिसतात. त्यात आपल्या सुतारांचा अपमान आहे असं मला वाटतं. उथळ खाड्यांत शिरणारी, रुंद, लांब नाळेची नाव ही त्यांची अक्कल होती. ती पुसून तिथे दुसऱ्याचं जहाज ठेवायचं आणि वर अभिमान बाळगायचा, हे काही खरं नाही.

माझा बेत असा आहे. प्रमाण शंभरास एक. सागवान इतक्या लहान कामाला जाड रेषांचं दिसतं, म्हणून शिवण किंवा हेद. वीस सेंटिमीटरची फळी इथे दोन मिलिमीटरची होईल. जे ऑर्मने सांगितलं आहे ते गडद लाकडात करायचं, आणि जे मी अंदाजाने ठरवलं आहे ते फिक्या लाकडात, पॉलिश न करता. तळ जवळजवळ सगळाच फिका राहील. बघणारा विचारेल, हे अर्धवट का ठेवलंय? तेव्हा १७५६ ची गोष्ट सांगता येईल.