दहावीनंतरचा दुसरा दरवाजा

दहावीचा निकाल लागला, की गुणपत्रिका घेऊन पालक शाळेत येतात आणि विचारतात, "सर, सायन्सला घालू की कॉमर्सला?" आयटीआयचा विषय निघतो तो बहुधा गुण कमी पडले तरच. ही उतरंड कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, तरी ती घरोघरी पाठ आहे. ती आली कुठून, हे पाहायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तेथे कोणाला घ्यावे हे ठरवण्यासाठी मॅट्रिक्युलेशन ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. सुमारे १३० विद्यार्थी बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच. म्हणजे ही परीक्षा कॉलेजात शिरण्याची होती, शाळा पुरी केल्याची नव्हती. पण शाळेचे काम मोजायला दुसरे माप नव्हते, म्हणून तीच शाळेची परीक्षा होऊन बसली. सरकारी कचेऱ्याही नोकरी देताना मॅट्रिकच पाहू लागल्या. त्यामुळे कॉलेजचे तोंडही न पाहणाऱ्या मुलांना कॉलेजच्या तयारीचाच अभ्यास करावा लागे.

हा दोष लवकरच ध्यानात आला. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने सुचवले, की हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार-उद्योगासाठी तयार करणारी. दुसऱ्या शाखेचे काय झाले? १९०४ च्या सरकारी शैक्षणिक ठरावातच त्याचा हिशेब सापडतो. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला वर्षाकाठी सुमारे २३ हजार विद्यार्थी बसत होते आणि साऱ्या पर्यायी परीक्षांना मिळून दोन हजारांहूनही कमी.

याच काळात काही निराळ्या संस्थाही उभ्या राहिल्या. मुंबईत १८५७ साली कलाशाळा आणि १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि नंतर या कलाभवनात. तेथे घेतलेले छायाचित्रणाचे शिक्षण त्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढताना उपयोगी पडले. दुसरा दरवाजा म्हणजे कमी प्रतीचा दरवाजा नव्हे, हे दाखवायला एवढे उदाहरण पुरे. पण अशा संस्था मोजक्या आणि जागा थोड्या.

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न पुन्हा झाले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्यांत मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा, दोन आणि तीन वर्षांचा आकृतिबंध मांडला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक स्वतः भारतीय शिक्षणाचे इतिहासकार होते. दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी व्यवसाय शिक्षणात असावेत, अशी आयोगाची अपेक्षा होती. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. 'दहा अधिक दोन' आले, पण त्या 'दोन'मधला निम्मा वाटा आला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उद्दिष्ट खाली आणून १९९५ पर्यंत २५ टक्के ठरवले. १९९२ साली ती मुदतही २००० पर्यंत पुढे ढकलावी लागली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते.

सव्वाशे वर्षे एकच शिफारस का फसावी? यंत्रसामग्री महाग, शिक्षक अपुरे, ही कारणे आहेतच. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची आपली जातिव्यवस्थेइतकीच जुनी सवय हेही एक कारण आहे. पण पालकांच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक साधे कारण दिसते. या वाटेने गेलेल्याला पुढे शिकावेसे वाटले तर परत फिरायला जागा नसे. परतीचा रस्ता नसलेल्या वाटेवर आपले मूल कोण पाठवील? मॅट्रिककडे लोटणाऱ्या पालकांचा व्यवहार चुकत नव्हता.

हे एक कारण आज बऱ्याच अंशी दूर झाले आहे. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही शाखांमधील भिंती आणि व्यवसाय शिक्षणाचे वेगळेपण काढून टाकण्याचे म्हटले आहे. धोरणाचे पुढे काय होईल ते दिसेलच. आधीच्या धोरणांचा अनुभव आपण पाहिलाच आहे.

मात्र एक गोष्ट शिक्षकाच्या हातात आहे. यंत्र खोलून पाहण्यात रमणारा मुलगा, रोपांची कलमे करणारी मुलगी आपल्याला आठवी-नववीतच दिसते. त्यांना या वाटा तेव्हाच सांगायला हव्यात, आणि चांगले गुण मिळवणाऱ्यांनाही सांगायला हव्यात. निकालाच्या दिवशी, गुण कमी पडल्यावर सांगितलेला पर्याय मुलाच्या कानाला शिक्षेसारखाच ऐकू येतो.