वाइन कूलर, चिरूट आणि थांबण्याची ऐपत

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे. बारामतीच्या माझ्या आत्तेभावाकडे ७० लिटरचा एक वाइन कूलर नुसता पडून होता. त्याचा ह्युमिडॉर करायचं ठरलं. ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची दमट पेटी. काम दोन रविवारांत उरकलं. पण त्या निमित्ताने जे वाचलं आणि जी आकडेमोड केली, ती मला कामापेक्षा जास्त रंजक वाटली. (तंबाखू वाईटच, त्यावर वाद नाही. मी ओढत नाही. मला रस आहे तो पेटीत.)

आधी यंत्राबद्दल. असे छोटे कूलर बऱ्याचदा कॉम्प्रेसरवर नाही, पेल्टिए पट्टीवर चालतात. ज्याँ पेल्टिए हा मूळचा फ्रेंच घड्याळजी. त्याने १८३४ साली पाहिलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा गार पडतो आणि दुसरा तापतो. या करामतीला कामाचं रूप यायला १९५० चं दशक उजाडलं, कारण त्यासाठी सेमीकंडक्टर लागले. पट्टीची कुवत बेताचीच. खोलीपेक्षा पंधरा-वीस अंश खाली जाऊन ती दमते. इंदापूरच्या मे महिन्यात पारा ४० च्या पुढे गेला की वाइनसाठी हे यंत्र कुचकामी, पण सिगारला १८-२० अंश पुरतात. म्हणजे वाइनसाठी नापास झालेलं यंत्र सिगारसाठी पास!

अडचण आहे ती ओलाव्याची. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. २० अंशांना आणि ६८ टक्के आर्द्रतेला दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो. आतली गार पट्टी त्याखाली गेली की हवेतलं पाणी तिच्यावर दव होऊन बसतं आणि नळीवाटे बाहेर जातं. म्हणजे कूलर गार करता करता हवा वाळवतो. म्हणून आम्ही नळीचं भोक बुजवलं, आत छोटा पंखा बसवला आणि थर्मोस्टॅट १८ वर आणला.

आता गंमत बघा. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम वाफ मावते. आपली पेटी ०.०७ घनमीटरची. ६८ टक्क्यांनी हिशेब केला तर आतल्या सगळ्या हवेत पाणी किती? एक ग्रॅमसुद्धा नाही! उलट शंभर सिगार म्हणजे किलोभर तंबाखू, आणि त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी. म्हणजे खरा साठा हवेत नाही, पानात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर हवा म्हणजे कॅश आणि तंबाखू म्हणजे हार्ड डिस्क. दार उघडलं की कॅश उडते, डिस्क ती परत भरते.

लाकूडही असाच साठा करतं, म्हणून आत फळ्या लागतात. परदेशात त्यासाठी 'स्पॅनिश सीडर' वापरतात. हा आपला देवदार नव्हे. देवदाराचा उग्र वास सिगारला लागतो. या झाडाचं नातं आहे आपल्याकडच्या तून झाडाशी. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच प्रजातीत धरत. आम्ही तूनच्याच फळ्या घातल्या. आर्द्रतामापक खरं बोलतो का हे बघायला तर घरचं मीठ पुरतं. झाकणभर मिठात चार थेंब पाणी घालायचं आणि मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा ७५ वर दिसला पाहिजे. निसर्गाने फुकट दिलेलं टेस्ट केस!

असो. आता इतिहासाकडे वळू.

बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. १८८५ साली नीरा डावा कालवा आला, १९८० साली उजनी धरण पुरं झालं. पाणी आलं ते जमिनीत, हवा बव्हंशी कोरडीच राहिली. द्राक्षाला नेमकं तेच मानवतं. मुळाशी पाणी असावं आणि पानावर दमट हवा नसावी, नाहीतर केवडा रोग येतो. राज्याने २००१ साली वाइनसाठी खास धोरण आणलं आणि पुढच्या काही वर्षांत पाटसहून बारामतीकडे येताना रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली. म्हणजे आमच्या पेटीतली वाइन या भागाची कुणीतरी लागते, सिगार मात्र उपरी.

अर्थात उपरी तरी किती म्हणायची? तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा उत्तरेत तिची अपूर्वाई होती. म्हणजे दख्खनने ती आधी चाखली होती. आपला 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. त्रिचनापल्लीचे चिरूट इतके प्रसिद्ध होते की १८८७ सालच्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत त्यांची राख सापडते.

पण ओलावा राखणारी खरी मंडळी वेगळीच. इंदापूर सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की टेंभुर्णी गाव लागतं. टेंभुर्णी हेच मराठीत तेंदूच्या झाडाचं नाव, ज्याच्या पानात बिडी वळतात. पुढे सोलापुरात हजारो बायका घरोघरी बिड्या वळत आल्या. पान आधी भिजवायचं, ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, मापाने कापायचं, मग वळायचं. फार ओलं राहिलं तर बुरशी, फार सुकलं तर पान तडकतं. ना मापक, ना पंखा. बोटांनाच कळतं. आणि तडकलेली बिडी 'छाट' म्हणून बाजूला निघाली की नुकसान वळणारणीचं. गंमत म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या नावातच बीडी आणि सिगार शेजारी शेजारी बसले: बीडी व सिगार कामगार कायदा. (२०२० च्या श्रमसंहितेत तो सामावला गेला.) याच बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या हस्तांतरणाला आले होते.

आता निपाणी. सीमाभागातली ही मराठी बाजारपेठ बिडीच्या तंबाखूची. वाळलेलं पान दुपारच्या उन्हात हाताळलं तर चुरा होतो, म्हणून शेतकरी ते पहाटेच्या दवात हलवतात. रात्रीचं आकाश हाच त्यांचा ह्युमिडॉर. पण पान महिनोन्‌महिने सांभाळायला वखार लागते, आणि वखारी व्यापाऱ्याच्या. थांबणं एकाला परवडतं, दुसऱ्याला नाही. मग भाव कोण ठरवणार? १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता रोखला. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले.

मला या सगळ्यात एकच सूत्र दिसतं. ठेवली की चांगली वाइन मुरते, सिगारची चव गोल होते. 'जुनं ते सोनं' वगैरे. पण जुनं होऊ देणं ही ऐपत आहे. बारामतीचा द्राक्षवाला तोडलेला माल काही दिवसांत विकतो, कारण तो घरात टिकत नाही. वायनरी त्याच मालावर वर्षानुवर्षं बसू शकते. निपाणीच्या शेतकऱ्याने पान विकलं, व्यापाऱ्याने साठवलं. पेटी ज्याची, वेळ त्याची, आणि वेळ ज्याची, भाव त्याचा.

म्हणून शीतगृह, वखार, गोदामाची पावती असले शब्द पेपरात कितीही रटाळ वाटोत, मी ते हल्ली वाचतो. एक ग्रॅमपेक्षा कमी वाफ सांभाळायला आम्ही दोन रविवार आणि बऱ्यापैकी पैसे घातले. क्विंटलांनी माल सांभाळणाऱ्याला काय लागत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.