ट्रॉम्बे : अणुगुपितांची राखण

मुंबई उपनगर जिल्ह्यात चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे, डोंगर आणि खाडी यांच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारतीय अण्वस्त्र कार्यक्रमाचे हे मूळ घर. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये संस्था स्थापन झाली, 1967 मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. शेजारच्या अणुशक्तीनगरात शास्त्रज्ञांची कुटुंबे राहतात. शाळा, बाजार, बसथांबे सारे इतर उपनगरांसारखेच. पण कामावरची गोष्ट घरात निघत नाही.

अणुस्फोटामागचे भौतिकशास्त्र पाठ्यपुस्तकात सापडते. राखायचे असते ते त्यापुढचे : रचनेचे आराखडे, प्लुटोनियमचा साठा, चाचणीची वेळ आणि हे सारे ठाऊक असलेली माणसे. गुपित बहुधा माणसाच्या हातूनच बाहेर पडते. क्लाउस फुक्सने अमेरिकेच्या बॉम्बची माहिती सोव्हिएत संघाला पुरवली. अब्दुल कादीर खान 1975 च्या अखेरीस नेदरलँड्समधून पाकिस्तानात परतले, ते युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांचे ज्ञान घेऊन.

18 मे 1974 च्या पोखरण चाचणीतले प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतून आले होते. राजा रामण्णा आणि पी. के. अय्यंगार यांच्या चमूत सुमारे 75 शास्त्रज्ञ-अभियंते होते. वर्तुळ इतके लहान ठेवल्याने बातमी जगाला स्फोटानंतरच कळली.

1995 मध्ये मात्र बिंग फुटले. पोखरणमधली नव्या चाचणीची हालचाल अमेरिकी उपग्रहांनी टिपली, राजदूत फ्रँक विस्नर यांनी दिल्लीत ती छायाचित्रे पुढे ठेवली आणि चाचणी थांबली. हा धडा 1998 च्या चाचण्यांवेळी कामी आला. उपग्रह डोक्यावरून कधी जातो याचे गणित मांडून कामे रात्री उरकली जात. पहाटेपूर्वी यंत्रे जिथल्या तिथे परत उभी राहत. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. अब्दुल कलाम ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ झाले, आर. चिदंबरम ‘मेजर जनरल नटराज’. केंद्राचे तत्कालीन संचालक अनिल काकोडकर याच मोहिमेत होते. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले हे मराठी अभियंते 1974 च्या चमूतही होते.

सर्वांत नाजूक टप्पा उपनगरातलाच होता. 1 मे 1998 च्या पहाटे तीनच्या सुमारास ट्रॉम्बेच्या तिजोऱ्यांतून अणुगाभे ट्रकांत चढले आणि झोपलेल्या वस्त्यांमधून सांताक्रूझ विमानतळावर पोहोचले. तेथून हवाई दलाच्या एएन-32 विमानाने ते जैसलमेरला गेले. 11 मे रोजी तीन आणि 13 मे रोजी दोन स्फोट झाले. सीआयएला आधी सुगावा लागला नव्हता. त्या अपयशाच्या चौकशीसाठी अ‍ॅडमिरल डेव्हिड जेरेमाया यांना नेमावे लागले.

केंद्राभोवती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. कागदोपत्री कवच दिले ते 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याने आणि माहिती उघड करण्यावर निर्बंध घालणाऱ्या 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने. तरीही प्रयत्न होत राहिले. 26/11 च्या हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष दिली. केंद्राला भेट देऊन आपण चित्रीकरण केले आणि तिथला एखादा कर्मचारी पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयसाठी फोडावा असे तिच्या मेजर इक्बालने सुचवले होते, असे त्याने सांगितले.

लपवाछपवीच्या या खेळात एक उघड व्यवहारही आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 रोजी केला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतरही यात खंड पडला नाही. यादीतली नावे मात्र दोन्ही सरकारे आपल्या नागरिकांपुढे मांडत नाहीत.