पाळणाघराची नोंद

आपल्या शाळेच्या बालवर्गात मूल येते ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्याआधीचा काळ ते कोणाच्या हाती होते, हे प्रवेशअर्जातील एकाही रकान्यात लिहिलेले नसते. के. आर. पुरमसारख्या भागात, जिथे आजी-आजोबा महाराष्ट्रात आणि आईवडील दोघेही नोकरीला, तिथे हा न लिहिलेला रकाना फार महत्त्वाचा आहे. अलीकडे आपल्या काही माजी विद्यार्थिनी पाळणाघर सुरू करण्याच्या विचारात असतात आणि विचारतात, ‘बाई, याची नोंदणी नेमकी कुठे करायची?’ प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर साधे का नाही, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

‘पाळणाघर’ हा शब्द घरगुती वाटतो. परंतु आपल्याकडे त्याची गरज प्रथम ठळकपणे दिसली ती मुंबईच्या गिरणगावात. १९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करविली. गिरणीत जाणाऱ्या मातांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. ही अफू म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक असलेली बाळागोळी. आई दहा तास साच्यावर उभी असताना मूल निजून राहावे, एवढाच तिचा उपयोग. त्या आयांना दोष देणे सोपे आहे; पण मूल ठेवायला जागाच नव्हती, हे त्या आकड्याचे खरे कारण होय.

ना. म. जोशी यांच्यासारख्यांनी प्रसूतिरजेचा प्रश्न विधिमंडळात लावून धरला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. १९३१ साली राष्ट्रीय नव्हे, शाही मजूर आयोगाने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर असावे अशी शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने प्रांतांना तसे नियम करण्याची मुभा मिळाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने ती सक्ती झाली: पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी उजेडाची, हवेशीर, स्वच्छ खोली आणि तिच्यावर प्रशिक्षित बाई. १९७६ मध्ये ही पन्नासची अट तीसवर आली. योगायोग असा की, आपल्या शेजारच्या दूरवाणीनगरातील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखानाही १९४८ चाच. या परिसराला कामगार वसाहतीचे रूप आले ते त्याच्यामुळे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या साऱ्या कायद्यांत पाळणाघर ही कामगार स्त्रीची सोय आहे. स्वच्छतागृह आणि उपाहारगृह यांच्या पंक्तीतील. मूल स्वतः काय शिकते, कशाने घाबरते, हा विषय तिथे नाही. तो विषय मराठीत आणला ताराबाई मोडकांनी.

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून, ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला. तेथे मध्यमवर्गातील मुले येत. पण मोंटेसोरीची महाग साधने खेड्याला परवडणार नाहीत, हे उमगल्यावर १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. शंख, शिंपले, बिया, खडे हीच तिथली साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा अनुभव आहे.

१९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे घडले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. वारली मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणे हे त्यांचेच काम असे. ताराबाईंनी मुलींना उपदेश केला नाही. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचे भावंड पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि ताई वर्गात! पाळणाघर हे आईच्या नोकरीइतकेच ताईच्या शिक्षणाचेही साधन आहे, हे तिथे सिद्ध झाले. शाळा चालविणाऱ्या माझ्यासारखीला हा विचार अजूनही नवा वाटतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. मात्र ती दिवसाचे काही तासच उघडी असते. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या आईला ती पुरत नाही. बांधकामावरील मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केले. पुढे मुंबई-पुण्यातही ते काम रुजले. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क मिळाला. येथे मोजणी केवळ स्त्रियांची नसून सर्व कर्मचाऱ्यांची आहे, हा मोठाच फरक. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींतून ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, ही योजना आली. पण ती रोजगार हमीवरील मातांसाठी, शहरासाठी नव्हे.

शहरातील खासगी पाळणाघर मात्र या इतिहासाच्या फटीत सापडले आहे. एकट्याने चालवायचे, न्यास करायचा, की १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ स्थापायचे, हे आधी ठरवावे लागते. मग दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडे नोंद. महापालिकेचा व्यवसाय परवाना. अन्न शिजवून देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. आणि तीन वर्षांवरील मुलांचा वर्ग भरविणार असाल तर शिक्षण खात्याकडे चौकशी. एवढ्या कागदांत नोकरांच्या कामाचे तास मोजले जातात, स्वयंपाकघर मोजले जाते; एका बाईच्या हाती किती तान्ही मुले, हा प्रश्न त्यांत कुठेच मुख्य नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये आस्थापनांच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक निकष काढले, त्यांत तो आहे. खासगी चालकांनीही तेच निकष आपणहून लावून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांनी तरी भिंतीवरील परवाना पाहून थांबू नये. मुले झोपतात ती खोली पाहावी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली का हे विचारावे, आणि एखाद्या दिवशी न कळविता दुपारी जावे. ज्या माजी विद्यार्थिनींना हा उद्योग मांडायचा आहे त्यांच्यासाठी, वर सांगितलेल्या कागदांची यादी आणि २०१८ च्या निकषांची प्रत शाळेच्या कार्यालयात एका धारिकेत ठेवली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर ती पाहता येईल.