श्रद्धावानाचा विनोद आणि स्वातंत्र्याची कसोटी

अमेरिकन ‘स्टँड-अप कॉमेडी’मध्ये एकटा माणूस रंगमंचावर उभा राहून बहुधा स्वतःच्याच नावाने बोलतो. नाटककाराला पात्राचा जो आडोसा मिळतो तो त्याला नसल्यामुळे उक्तीचे दायित्व थेट वक्त्यावर येते. श्रद्धा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांच्या संघर्षात हा प्रकार वारंवार सापडतो, त्याचे एक कारण या रूपबंधातच आहे.

या संघर्षाचा इतिहास पाहताना 1952 हे वर्ष महत्त्वाचे ठरते. रोसेलिनीच्या ‘द मिरॅकल’ या चित्रपटासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, धर्मभावनेचा अवमान होतो एवढ्याच कारणाने राज्याला चित्रपट अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. पाखंडाचा आरोप अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने दुबळा झाला. अश्लीलतेचा मात्र शिल्लक राहिला. धर्मगुरूंना व्यापाऱ्यांच्या रूपात रंगवणाऱ्या लेनी ब्रूसवर झालेले खटले याच दुसऱ्या आरोपाखाली चालले. शिकागोतील शिक्षा इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये रद्द केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याला दोषी ठरवून चार महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. 1966 मध्ये तो वारला. 2003 मध्ये त्याला मरणोत्तर माफी देणारा न्यूयॉर्कचा गव्हर्नर जॉर्ज पटाकी हा रिपब्लिकन पक्षाचा होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तोपर्यंत विनोदकाराच्या स्वातंत्र्याची भाषा परंपरावाद्यांनाही आपली वाटू लागली होती.

याच सुमारास ब्रॅड स्टाइन हा स्वतःला परंपरावादी आणि ख्रिस्ती म्हणवणारा विनोदकार पुढे आला. 2004 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने त्याच्यावर दीर्घ लेख छापला. त्याच्या एका कार्यक्रमाचे नाव ‘पुट अ हेल्मेट ऑन’, म्हणजे शब्द लागत असतील तर हेल्मेट घाला. लोकांच्या भावना जपण्यासाठी भाषेवर घातलेली बंधने हे त्याचे लक्ष्य. रूपबंध ब्रूसच्याच परंपरेतला. विरोधक मात्र बदलला आहे. ब्रूससमोर पोलीस आणि न्यायाधीश होते, स्टाइनसमोर उदारमतवादी शिष्टाचार आहे.

अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती शासनाला बांधते, शिष्टाचाराला नव्हे; म्हणून स्टाइनची तक्रार निराधार आहे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु प्रचलित लोकमताचा दाब कायद्याइतकाच जाचक होऊ शकतो, हे मिलने ‘ऑन लिबर्टी’मध्ये 1859 सालीच बजावले होते. तक्रार तपासायची ती तिच्या सममितीच्या अंगाने. हेल्मेटचा न्याय सर्वांना सारखाच लागू असेल, तर श्रद्धावानाच्या दैवतावर होणाऱ्या विनोदालाही तो लागू झाला पाहिजे.

येथे श्रद्धावान विनोदकाराची खरी अडचण दिसते. तो भक्तांच्या वागण्यावर हसू शकतो. ज्याची भक्ती करायची त्याच्यावर नाही. ही मर्यादा म्हणजे वाङ्मयीन उणीव नव्हे. कशाला तरी गंभीरपणे मानल्याशिवाय उपहासाला धार येत नाही, आणि ब्रूसलाही धर्माचा बाजार खुपला तो काहीतरी मोलाचे विकले जात आहे असे मानल्यामुळेच. मात्र स्वतः स्वीकारलेली मर्यादा इतरांवर लादली, की ती सेन्सॉरशिप होते.

दुसरा प्रश्न श्रोतृवर्गाचा. समविचारी श्रोत्यांसमोर विरोधकांची टवाळी करताना विनोदकाराला जोखीम फारशी नसते. तेथील हशा बव्हंशी संमतीचा असतो. स्टाइनने 2006 मध्ये ‘गॉडमेन’ हे पुरुषांचे मेळावे सुरू केले आणि चर्चमधील गुळमुळीत भाषेवरच टीका केली. तेथे त्याने निदान आपल्याच लोकांची नाराजी पत्करली. परंपरावादी असो वा उदारमतवादी, विनोदकाराच्या स्वातंत्र्यनिष्ठेचे मूल्यमापन करताना समीक्षकाने प्रथम हेच पाहावे, की सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाला त्याचा शब्द बोचला.