गंजलेल्या अवजारांसाठी ओले सँडब्लास्टिंग : प्रेशर वॉशरची जोडणी, पद्धत आणि काळजी

पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला पलटी नांगर, रोटाव्हेटरचे पाते किंवा पेरणी यंत्राचे फण गंजतात. गंजलेल्या फाळावर काळी माती चिकटते, ती पलटत नाही, ट्रॅक्टरवर ओढ वाढते आणि डिझेल जास्त लागते. सांगाडा गंजला तर जोड कमकुवत होतात. गंज काढण्यासाठी वायर ब्रश आणि ग्राइंडर पुरेसे असतात, पण कोपरे, वेल्डिंगचे सांधे आणि खोल खड्डे त्यांना साधत नाहीत. अशा ठिकाणी प्रेशर वॉशरला जोडायचे ओले सँडब्लास्टिंग उपयोगी पडते.

ही जोडणी कशी चालते?

वॉशरच्या गनला एक विशेष नोझल बसवतात. त्यातून पाणी वेगाने जाताना पोकळीत ओढ तयार होते. या ओढीने वेगळ्या नळीतून बादलीतील कोरडे दाणे वर येतात, पाण्यात मिसळतात आणि पृष्ठभागावर आपटून गंज व जुना रंग खरवडतात. हवेच्या दाबावरील कोरड्या ब्लास्टिंगला मोठा कॉम्प्रेसर लागतो, इथे तो लागत नाही.

यंत्राची निवड

- दाबापेक्षा पाण्याचा प्रवाह महत्त्वाचा आहे. गाडी धुण्याचे छोटे वॉशर या कामात लवकर थकतात. साधारण १५० बार दाब आणि मिनिटाला १० लिटरच्या आसपास प्रवाह असलेले यंत्र चांगले.
- नोझलच्या छिद्राचा आकार वॉशरच्या प्रवाहाला जुळला पाहिजे. न जुळल्यास दाणे ओढले जात नाहीत.
- दाण्यांमुळे नोझल झिजते, म्हणून कार्बाइडचे नोझल घ्यावे.
- मिनिटाला १० लिटर म्हणजे तासाला ६०० लिटर पाणी. टाकी आधी भरून ठेवावी आणि पाणी गाळूनच द्यावे.

नदीची वाळू वापरू नका

नदीच्या वाळूत सिलिका भरपूर असते. दाणे फुटून त्याची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये होता. पाण्यामुळे धूळ कमी होते, पण संपत नाही. शिवाय वाळलेला गाळ झाडताना ती पुन्हा उडते. म्हणून गार्नेटचे दाणे वापरावेत. जाड गंजासाठी ३० ते ६० मेश आणि हलक्या कामासाठी ८० मेश योग्य. दाणे पूर्ण कोरडे असावेत, ओलसर दाण्यांनी नळी तुंबते.

कामाची पद्धत

१. अवजारावरील माती, ग्रीस आणि तेल आधी साध्या पाण्याने व साबणाने धुवून वाळवावे. तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही.
२. बेअरिंग, ऑइल सील, गिअरबॉक्सचे झाकण व श्वासनळी, हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा, ग्रीस निपल आणि वायरिंग प्लास्टिक व चिकटपट्टीने बंद करावे. शक्य ते भाग काढूनच ठेवावेत.
३. खाली ताडपत्री अंथरावी. गाळ तिच्यावरच जमा व्हायला हवा.
४. आधी ट्रिगर दाबून पाणी सुरू करावे, मगच नळीचे टोक दाण्यांत घालावे. थांबताना उलट करावे : टोक बाहेर काढून नळी रिकामी होऊ द्यावी, नंतर ट्रिगर सोडावा. उलट क्रम झाल्यास पाणी मागे येऊन नळी तुंबते.
५. नोझल २० ते ३० सेंमी अंतरावर, थोडे तिरपे धरावे आणि हात सतत हलता ठेवावा. पातळ पत्र्यावर एका जागी थांबल्यास पत्रा वाकतो किंवा भोक पडते.
६. साफ झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच ब्लोअरने वाळवावे.

वाळवण्यात उशीर करू नका

ओल्या ब्लास्टिंगचा मोठा तोटा म्हणजे नव्या उघड्या लोखंडावर तासाभरातच पिवळसर गंज येतो. म्हणून एका वेळी तेवढेच काम घ्यावे, जेवढे त्याच दिवशी प्रायमर लावून होईल. पावसाळी दमट दिवस टाळावा. सांगाड्याला वाळताच रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर लावावा. मातीत चालणाऱ्या फाळाला व पात्याला रंग लावू नये, तिथे ग्रीस किंवा तेलाचा थर द्यावा.

सुरक्षितता

- पूर्ण चेहऱ्याची ढाल, बंद गॉगल, किमान एन-९५ मास्क, गमबूट, रबरी हातमोजे आणि कानांचे संरक्षण आवश्यक.
- विजेच्या वॉशरला ईएलसीबी आणि योग्य अर्थिंग असावे.
- झोत अंगावर, विशेषतः हातावर बसला तर जखम छोटी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे. पाणी आणि दाणे खोल शिरलेले असतात.
- लहान मुले, जनावरे आणि गोठा यांपासून दूर काम करावे.

गाळाचे काय करावे?

जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून गाळ शेतात, विहिरीजवळ किंवा गटारात टाकू नये. ताडपत्रीवर पाणी निथळू द्यावे आणि गाळ ओला असतानाच पोत्यात भरून औद्योगिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा. पुणे शहराच्या हद्दीत २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांतील शेतकऱ्यांनी हे विशेष जपावे. इथल्या गटारांचे आणि ओढ्यांचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे उजनीला जाते, आणि वाटेत दौंड-इंदापूरची शेती त्याच पाण्यावर आहे.

स्वतः करावे की बाहेरून करून घ्यावे?

एक-दोन अवजारांसाठी जोडणी विकत घेण्यापेक्षा भोसरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील ब्लास्टिंग आणि पेंटिंग करणाऱ्यांकडे सुटे भाग देणे सोयीचे पडते. गावात गट किंवा अवजार बँक असेल तर सामाईक वॉशर आणि जोडणी फायद्याची. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक हंगाम संपताच, अवजारे आत ठेवण्यापूर्वी घ्यावे. त्या वेळी गंज हलका असतो, आणि वायर ब्रशने भागते का हेही आधी तपासता येते.