चोक गेला, सवय राहिली

आजचा भाग एका भांडणातून सुरू झालाय. भांडण माझं आणि बाबांचं. विषय, गाडी.

बाबा रोज सकाळी सातला पार्किंगमध्ये उतरतात, गाडी चालू करतात आणि दहा मिनिटं तशीच ठेवतात. तोवर फडकं घेऊन काचा पुसतात. आमचं पार्किंग बिल्डिंगखाली, तीन बाजूंनी बंद. त्याला लागूनच तळमजल्यावरच्या वहिनींची खिडकी. घरात चार महिन्यांचं बाळ. गेल्या महिन्यात वहिनी वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, रोज धूर आत येतो हो. डोकं धरतं माझं."

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "थंड इंजिन लगेच पळवलं तर गाडीची वाट लागते. चाळीस वर्षं चालवतोय मी." मी पटकन बोलून गेलो, "जुनं खूळ आहे हे, बाबा." झालं. दोन दिवस अबोला!

मग म्हटलं, हे खूळ आलं कुठून ते तरी बघू.

बाबांची पहिली गाडी म्हणजे सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसीचं, बनायची आपल्या कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. बाबा तेव्हा निफाडला होते, आणि निफाडची थंडी काय असते ते नाशिककरांना विचारा.

आता थोडं मागे जाऊया. पेट्रोल द्रव असताना नीट जळत नाही, जळते ती त्याची वाफ. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला. हवा अरुंद जागेतून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि बारीक नळीतून पेट्रोल वर ओढलं जाऊन त्याचा फवारा होतो. हिशोब असा की वजनानं १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हवी.

पण इंजिन थंड असलं की हा हिशोब बिघडतो. पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, ते थेंब होऊन आत भिंतींना चिकटतं. त्यावरचा उपाय म्हणजे चोक. नॉब ओढला की हवा कमी जाते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक लवकर आत ढकलला की गाडी बंद. ढकलायचा विसरलात की काळा धूर आणि ओले प्लग. त्यात जुनं एका ग्रेडचं ऑइल थंडीत काकवीसारखं घट्ट व्हायचं, वरपर्यंत पोचायला वेळ घ्यायचं. म्हणजे निफाडच्या डिसेंबरात थांबणं हे खूळ नव्हतंच. बाबा थांबले नसते तर पहिल्याच चौकात गाडी बंद पडली असती.

मग बदललं काय? अमेरिकेत धुरावर कायदे यायला लागले. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. इंजिन किती थंड आहे ते सेन्सर सांगणार आणि पेट्रोल किती द्यायचं ते यंत्रणा ठरवणार. चोकचं काम हातातून गेलं. आपल्याकडे ही लाट आली २००० च्या आसपास, धुराचे नियम कडक झाले तेव्हा. मारुती ८०० लाही इंजेक्शन आलं. त्याच सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. बाइकवाल्यांनो, तुमच्याकडे हे आणखी उशिरा आलं. बऱ्याच साध्या बाइकचा कार्बोरेटर २०२० च्या बीएस सिक्सनंतर गेला. घरात जुनी बाइक असेल तर चोक अजून सापडेल.

आजच्या गाडीत उभ्या उभ्या इंजिन तापायला उलट जास्त वेळ लागतो, कारण त्याच्यावर भारच नसतो. थंड असेपर्यंत जास्तीचं पेट्रोल आत जातं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांना कामाला लागतो. म्हणजे सकाळची ती पहिली दहा मिनिटंच सगळ्यात घाणेरडी! त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. बंद जागेत तो जीवही घेतो. वहिनींचं डोकं उगाच दुखत नव्हतं.

तेव्हा आपल्या हवेत अर्धा मिनिट पुरे. मग पहिले काही किलोमीटर हळू, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता. लडाखसारख्या ठिकाणी काचेवर बर्फ साचला असेल तर गोष्ट वेगळी, पुढचं दिसायला तर हवं!

हे सगळं बाबांना सांगितलं. पण सुरुवात माफीनं केली, "खूळ म्हणालो ते चुकलं."

बाबा म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो."

"होतात की. पद्मिनी होती तोवर."

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून पाहिलं. त्यांनी आधी सगळ्या काचा पुसल्या, फडकं झटकून डिकीत ठेवलं, आणि मग गाडी चालू केली. मिनिटभरात गेटबाहेर.

तुमच्या घरी अशी कुठली सवय आहे, जिचं कारण कधीच संपलंय? खूळ म्हणायच्या आधी एकदा विचारून बघा, आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!